मृतांचा पाव

भाद्रपद वद्य पक्षात मराठी घरांतून पितरांसाठी पाने वाढली जातात आणि भाताचे पिंड दिले जातात. गेलेली माणसे ठराविक दिवशी परत येतात व आपल्या वाट्याच्या अन्नाने तृप्त होतात, ही श्रद्धा केवळ ह्या भूमीपुरती नाही. मेक्सिको देशात नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला वारलेली बालके आणि दुसऱ्या तारखेला वडीलधारी मंडळी घरी येतात, असे मानतात. त्यांच्यासाठी घरोघर वेदीसारखी मांडणी करून तीवर मेणबत्त्या, पाण्याचा पेला, मृताच्या आवडीचे पदार्थ आणि झेंडूची फुले ठेवतात. ह्या मांडणीत मानाची जागा असते ती एका गोड पावाची. त्याचे नावच मुळी ‘पान दे मुएर्तो’, म्हणजे मृताचा पाव.

मेक्सिको शहरातील रीत अशी: गव्हाचे पीठ, अंडी, लोणी, साखर व खमीर एकत्र मळून पीठ फुगत ठेवावयाचे. त्यात संत्र्याची किसलेली साल, संत्र्याच्या फुलांचा अर्क किंवा बडीशेपेच्या जातीचे सुवासिक दाणे घालतात. मग गोल पाव वळून, बोटे फाकवून लाटलेल्या कणकेच्या वळ्या त्यावर आडव्या-उभ्या बसवितात. ह्या गाठाळ वळ्या म्हणजे हाडे, आणि मध्यावरचा गोळा म्हणजे कवटी. भट्टीतून काढल्यावर त्यास लोणी फासून साखरेत घोळवितात. ओहाका प्रांतात मात्र हाडे नसतात. तेथे अंड्याच्या बलकाने पिवळ्या झालेल्या पावात पिठाचा रंगविलेला इवलासा चेहरा खोचतात. मिचोआकानमध्ये माणसांच्या व प्राण्यांच्या आकृतींचेही पाव करतात.

हा पाव मूळचा कोणाचा? लोकांत सांगितली जाणारी कथा अशी, की आस्तेक लोकांच्या नरबळीचा हा अवशेष असून, बळीच्या हृदयाऐवजी स्पॅनिश धर्मगुरूंनी हृदयाच्या आकाराचा पाव करावयास लावला. कथा चटकदार आहे; पण तिला समकालीन लेखांचा आधार मिळत नाही. लेखांतून जे दिसते, ते अधिक गुंतागुंतीचे आहे.

फ्रान्सिस्कन साधू बेर्नार्दिनो दे साआगुन हा १५२९ साली मेक्सिकोत आला व त्याने तद्देशीय वृद्धांस विचारून त्यांचे आचार नहुआत्ल भाषेत लिहवून घेतले. बुडून किंवा वीज पडून मेलेल्यांच्या स्मरणार्थ पर्वतांच्या सणात पिठाच्या पर्वतमूर्ती करीत, त्यांस भोपळ्याच्या बियांचे दात व काळ्या घेवड्याचे डोळे लावीत आणि शेवटी त्या कापून खात, असे त्याने नोंदविले आहे. ते पीठ गव्हाचे नव्हे, राजगिऱ्याचे होते. जो राजगिरा आज मराठी घरांत उपवासाचा लाडू होऊन येतो, त्याचे मूळ स्थान अमेरिका खंडच, झेंडूही तेथलाच. अशा मूर्ती खाण्याच्या रीतीत होसे दे आकोस्ता ह्या जेझुइट लेखकास १५९० साली ख्रिस्ती प्रसादाचे सैतानी अनुकरण दिसले.

गहू मात्र जेत्यांबरोबर आला. १५२१ साली तेनोच्तित्लान नगर पडले, त्यानंतर मेक्सिकोत पहिला गहू आपणच पेरला, असे हुआन गार्रिदो ह्या आफ्रिकेत जन्मलेल्या सैनिकाने १५३८ च्या आपल्या अर्जात लिहिले आहे. ख्रिस्ती उपासनेतील प्रसादाचा पाव गव्हाचाच असावा लागतो. म्हणून जेथे चर्च गेले, तेथे गहूही गेला. मृतात्म्यांसाठी २ नोव्हेंबरचा दिवस पाळण्याची रीत फ्रान्समधील क्लूनीच्या मठाचा मठपती ओदिलो ह्याने इसवी सनाच्या १००० च्या सुमारास घालून दिली होती, आणि थडग्यांपाशी पाव ठेवण्याची चाल स्पेनमध्येही होती. ह्यावरूनच स्टॅन्ली ब्रँडिस ह्यांच्यासारखे मानवशास्त्रज्ञ पावाचे मूळ मुख्यतः युरोपात शोधतात.

पण निर्णय एवढ्याने पुरा होत नाही. दिएगो दुरान ह्या डोमिनिकन साधूच्या लक्षात आले होते, की तद्देशीय लोक सर्व संतांच्या दिवशी मुलांसाठी आणि दुसऱ्या दिवशी प्रौढांसाठी नैवेद्य ठेवतात. लहान मृतांचा व मोठ्या मृतांचा असे त्यांचे दोन जुने सण होते. तेच नव्या तिथीच्या आडोशास आले आहेत, असा त्याला संशय आला. त्या काळात स्मरण करावयास मृतही अगणित होते. १५४५ आणि १५७६ साली सुरू झालेल्या भयंकर साथींनी गावेच्या गावे ओस पडली. जे उरले त्यांच्या हातून राजगिऱ्याची शेती मागे पडली. परंतु मेलेल्यांस अन्न देण्याचे कर्तव्य सुटले नाही. जेत्याचे धान्य घेऊन त्यांनी ते पार पाडले.

परके धान्य असे आपलेसे होण्याचे उदाहरण गोव्यातही आहे. पोर्तुगीजांमागून आलेला पाव तेथील पोदेराने माडीने फुगविला. मेक्सिकोतील काही भट्ट्यांतून घायपातीच्या जातीच्या रोपाचा आंबलेला रस, ‘पुल्के’, त्याच कामी आला. पीठ बाहेरचे, पण ते फुगविणारा रस मातीतला.

मेक्सिकोतील ह्या मृतदिनास २००८ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. पावास एकच जन्मदाता शोधू पाहणाऱ्यांचा वाद त्याने मिटलेला नाही. केवळ आस्तेक म्हटले तर गव्हाचा विसर पडतो, आणि केवळ स्पॅनिश म्हटले तर साथींतून वाचून, आपल्या मुलांसाठी पान मांडणाऱ्या माणसांचा. त्या पावावरची हाडे कोणा एका राजवटीची नव्हेत. ती त्या घरच्या माणसांची आहेत. म्हणूनच तो आधी त्यांच्यापुढे ठेवला जातो, आणि मग घरातील जिवंत माणसे तो वाटून खातात.