साथरोगशास्त्रातील पदव्युत्तर पदवी : पात्रतेच्या अटी आणि बडोद्याचा एक जुना धडा

जागतिक आरोग्य आणि साथरोगशास्त्र या विषयांतील पदव्युत्तर पदवीकडे कोविडनंतर पदवीधरांचा ओढा वाढला आहे. मात्र प्रवेशासाठी नेमके काय लागते, पदवीत काय शिकवतात आणि ती कोणाच्या उपयोगाची, याविषयी गोंधळ बराच आहे. त्यातला पहिला गोंधळ नावापासूनच सुरू होतो. साथरोगशास्त्र म्हणजे केवळ साथींचे शास्त्र नव्हे. मधुमेह, सर्पदंश, रस्त्यावरील अपघात, आत्महत्या असे जे जे माणसांच्या समूहात कमीअधिक प्रमाणात आढळते, ते कोणाला, कोठे, केव्हा आणि का होते याचा हिशेब हे शास्त्र मांडते. मराठी नाव रूढ झाले आहे, पण ते अपुरे आहे.

हा हिशेब कसा मांडायचा याचे एक उत्तम उदाहरण बडोद्याजवळ घडले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि वाल्देमार हाफकिन यांनी तेथे प्लेगची लस तयार केली. जानेवारी १८९७ मध्ये त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी पोर्तुगिजांच्या ताब्यातील, म्हणजे गोव्याच्याच राजवटीतील, दमणमध्ये साथ चालू असताना लसीकरण झाले. तेथे लस घेतलेल्या २,१९७ जणांपैकी ३६ दगावले. न घेतलेल्या ६,०३३ जणांपैकी १,४८२. आकडे डोळे दिपवणारे आहेत, पण त्यांत एक खोट आहे. दमणमध्ये लस घेणारे स्वतःहून पुढे आलेले होते. ते इतरांपेक्षा सुस्थितीत, सावध किंवा निरोगी असू शकत होते. शिवाय लसीची पाळी येण्यापूर्वीच जो मेला, तो आपोआप ‘न घेतलेल्यां’त मोजला गेला.

फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदे संस्थानातील उंधेरा या गावी ही खोट काढण्याचा प्रयत्न झाला. एकेका कुटुंबातील माणसे वय, लिंग व प्रकृती यांचा शक्य तेवढा मेळ घालून दोन भागांत विभागली गेली आणि त्यांतील एका भागालाच लस टोचली गेली. घर तेच, अन्न तेच, उंदीर तेच. पुढे ज्या घरांत प्लेग शिरला, तेथील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ३ मरण पावले आणि न घेतलेल्या ६४ जणांपैकी २६. पहिले प्रमाण शेकडा चार, दुसरे शेकडा चाळीसच्या वर. दमणचे आकडे मोठे आहेत, पण उंधेऱ्याचे अधिक विश्वासार्ह आहेत. असे का, हे ज्याला सहज सांगता येते त्याची या विषयातील अर्धी तयारी झाली असे समजावे. अर्ध्या माणसांना लसीविना ठेवण्याचा असा प्रयोग आजची नैतिकता समिती कितपत मान्य करील, हा प्रश्नही याच अभ्यासक्रमाचा भाग आहे.

प्रवेशाचे दरवाजे तीन आहेत. पहिला एमडी (सामुदायिक वैद्यकशास्त्र) या पदवीचा. बडोद्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात किंवा गोवा वैद्यकीय महाविद्यालयात हा विभाग आहे. पण एमबीबीएस आणि नीट-पीजी यांशिवाय येथे प्रवेश नाही. दुसरा एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची दोन वर्षांची पदवी. येथे दंतवैद्य, परिचारिका, आयुष व फिजिओथेरपीचे पदवीधर, तसेच अनेक संस्थांत संख्याशास्त्र, समाजकार्य किंवा पोषणशास्त्र शिकलेलेही पात्र ठरतात. किमान गुणांची अट बहुधा ५० टक्क्यांच्या आसपास असते. गांधीनगरची भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्था बडोदेकरांना जवळची. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत सामाजिक साथरोगशास्त्राचा एमपीएच आहे, पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठातही एमपीएच शिकवला जातो. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा अभ्यासक्रम मुख्यत्वे डॉक्टरांसाठी आहे. तिसरा दरवाजा परदेशातील एमएससीचा.

या सर्वांत सामाईक कसोटी गणिताची आहे, पण माहितीपुस्तिकेत ती ठळक अक्षरांत छापलेली नसते. जैवसंख्याशास्त्र हा पहिल्याच सत्रातील विषय असतो आणि बारावीनंतर गणिताशी संबंध तुटलेले अनेक विद्यार्थी तेथेच अडखळतात. प्रवेशापूर्वीच्या मोकळ्या महिन्यांत टक्केवारी, दर, संभाव्यता आणि एखादी आकडेवारीची संगणकप्रणाली हाताळायला शिकणे हे मुलाखतीच्या तयारीपेक्षा अधिक फायद्याचे. उरलेला अभ्यास म्हणजे संशोधनपद्धती, लोकसंख्याशास्त्र, आरोग्यव्यवस्था व अर्थकारण, क्षेत्रकार्य आणि शेवटी प्रबंध.

क्षेत्रानुभव ही प्रत्येक ठिकाणी अट नसली, तरी अर्जात त्याला वजन असते. बडोद्याच्या विद्यार्थ्यांसाठी शहरातील ‘सहज’ किंवा भरूच जिल्ह्यातील झगडियाची ‘सेवा रूरल’ यांसारख्या संस्था हाकेच्या अंतरावर आहेत. गोव्यात ‘संगथ’ आहे. १९९६ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेतून विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी सामान्य कार्यकर्त्यांकरवी मानसिक आरोग्यसेवा देण्याची जी पद्धत तपासून पाहिली, ती आज जगभरच्या जागतिक आरोग्याच्या वर्गांत शिकवली जाते. गोमंतकीय विद्यार्थ्याने हा विषय शिकण्यासाठी आधी लंडनचेच स्वप्न पाहावे असे काही नाही.

ज्यांना जायचेच आहे त्यांच्यासाठी : ब्रिटनमधील एमएससी साधारण एका वर्षाची, अमेरिकेतील एमपीएच बहुधा दोन वर्षांची. अमेरिकेत मान्यताप्राप्त एमपीएचला किमान ४२ श्रेयांक लागतात. इंग्रजीची परीक्षा, हेतुनिवेदन आणि दोनतीन शिफारसपत्रे जवळपास सर्वत्र मागितली जातात. जीआरईची अट अनेक विद्यापीठांनी काढून टाकली आहे. ब्रिटनच्या शेवनिंग शिष्यवृत्तीसाठी २,८०० तासांचा, म्हणजे सुमारे दोन वर्षांचा कामाचा अनुभव हवा आणि शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी परतणे बंधनकारक आहे.

खर्चाचा विचार करणाऱ्या कुटुंबांनी एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी. डॉक्टर नसलेल्या एमपीएचधारकाला स्वयंसेवी संस्था, संशोधन प्रकल्प आणि राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी पदे मिळतात. पण शासकीय साथरोगतज्ज्ञांच्या अनेक जाहिरातींत वैद्यकीय पदवीधराला अग्रक्रम असतो. वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापनाची वाटही त्याला अरुंदच. कर्ज काढण्यापूर्वी मागील दोन वर्षांच्या अशा जाहिराती काढून त्यांतील पात्रतेची ओळ शब्दशः वाचावी. आणि पदवीचे गुणपत्रक मुद्रांकित लखोट्यात हवे असल्यास विद्यापीठाकडे अर्ज लवकर करावा. प्रवेशाची मुदत बहुतेकदा याच कागदासाठी चुकते.