आवडता ग्रंथकार आणि शहरांतील अद्भुत

आवडत्या ग्रंथकाराची नवी मालिका मोठ्या उत्कंठेनें हातीं घ्यावी आणि दुसऱ्या भागाअखेर ती मुकाट्यानें कपाटांत ठेवावी, हा अनुभव सार्वत्रिक आहे. आजच्या शहरांत जादूटोण्याचा व पिशाच्चांचा संचार दाखविणाऱ्या इंग्रजी कादंबऱ्यांविषयीं आमच्या नागपुरांतील तरुण वाचकही हेंच गाऱ्हाणें सांगतात. शहर तेंच, चमत्कार पूर्वीपेक्षां अधिक; पण गोडी गेली. या गाऱ्हाण्याचा इतिहास बराच जुना आहे.

ओळखीच्या शहरांत अद्भुत शोधण्याचा परिपाठ यूजीन स्यू यानें १८४२-४३ मध्यें पॅरिसच्या एका दैनिकांतून घातला. तोच कित्ता गिरवून जॉर्ज रेनॉल्ड्स यानें १८४४ पासून लंडनचीं रहस्यें आठवड्यास एक पेनी किंमतीच्या अंकांतून विकावयास आरंभ केला. तळघरें, चोरदरवाजे, पुरलेलीं प्रेतें उकरून विकणारा नरपशु! रोजच्या रस्त्याखालीं दुसरेंच नगर वसलें आहे, असा भास वाचकांस होई. पुढें १८४८ च्या सुमारास प्रकाशक व्हिकर्स आणि रेनॉल्ड्स यांचें फाटलें. व्हिकर्सनें तेंच नांव राखून प्रथम टॉमस मिलर व नंतर ब्लँचर्ड यांजकडून मालिका पुढें लिहवून घेतली. रेनॉल्ड्सनें लंडनच्या दरबाराचीं रहस्यें निराळीं काढलीं व तीं १८५६ पर्यंत चालविलीं. पाटी एकीकडे राहिली, हात दुसरीकडे गेला. मिलर-ब्लँचर्ड यांचे ते भाग आज अभ्यासकांवांचून कोण उघडतो?

आपल्याकडील प्रकार याच्या उलट व, आमच्या मतें, अधिक विचार करण्याजोगा आहे. १८६८ मध्यें ‘मंजुघोषा’ लिहितांना रिसबुडांनीं प्रस्तावनेंत असा सूर लाविला होता, कीं आम्हां हिंदूंच्या संसारांत मनोरंजक असें कांहीं घडतच नाहीं, म्हणून अद्भुताचा आश्रय करावा लागतो. हरिभाऊ आपट्यांनींही १८८५ त ‘मधली स्थिति’ रेनॉल्ड्सच्याच जुन्या लंडनच्या रहस्यांवरून बेतली. त्या वेळीं त्यांचें वय अवघें एकवीस. जेथें हरिभाऊ रेनॉल्ड्सच्या मागून चालतात, तेथें कळसूत्री बाहुल्यांच्या दोऱ्या दिसतात. जेथें पुण्यांतील घरें व माणसें बोलूं लागतात, तेथें कादंबरी जिवंत होते. हें खुद्द त्यांच्याही ध्यानीं आलें असावें. १८९० त त्यांचें ‘करमणूक’ निघालें व त्यांतून ‘पण लक्षांत कोण घेतो’ येऊं लागली, तेव्हां चोरदरवाजे नाहींसे झाले होते. यमूच्या सासरचें घर हेंच तळघराहून भयंकर ठरलें, आणि रिसबुडांस परस्पर उत्तर मिळालें.

चोरदरवाज्यांच्या चाहत्यांची यानें निराशा झाली असल्यास नवल नाहीं. त्यांची हौस पुढें दातारशास्त्र्यांनीं यथेच्छ पुरविली. पण ती निराशा निराळ्या जातीची. तेथें लेखक पुढें गेला होता आणि वाचक मागें राहिला होता. आमच्या तरुण मित्रांचें दुःख व्हिकर्सच्या गिऱ्हाइकांचें आहे. फरक इतकाच, कीं येथें पाटीही तीच आहे आणि हातही तोच आहे.