आईला किती मार्क मिळाले?

१७ मार्च २०२४. रविवार. माझी रात्रपाळी सुटली, तसाच डोळे चोळत मी आईला घेऊन शाळेत गेलो. केसांत कापूस तसाच. शाळा पोरांची, पण त्या दिवशी बाकांवर आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बसल्या होत्या. 'उल्लास', म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रमाची परीक्षा होती. दीडशे मार्कांचा पेपर. वाचन ५०, लेखन ५०, आकडेमोड ५०. प्रत्येकात तेहतीस टक्के पडले की माणूस साक्षर.

आईला शिकवणारा स्वयंसेवक मीच. नाव नोंदलेला, बिनपगारी. पाळी सांभाळून जमेल तेव्हा चार बायांना घेऊन बसायचो. महिन्यातले किती दिवस जमलं ते विचारू नका. विचारलंही नाही कुणी. आणि मित्रांनो, हा लेख मी त्याचसाठी लिहितो आहे.

पेपर सुरू झाला. आई अडली. मी मागे वाकलो आणि उत्तर सांगितलं. शेजारच्या मावशींनाही सांगितलं. कुणी हटकलं नाही. वरून निरोप एकच, कुणी मागं राहायला नको. आई पास झाली. घरात प्रमाणपत्र आलं. तिने ते बाबासाहेबांच्या फोटोखाली चिकटवलं.

चार महिन्यांनी बायांच्या गटाला कर्ज देणारा माणूस आला. कागद पुढे केला. आईने अंगठा न लावता सही केली. मी घरी आल्यावर विचारलं, "काय लिहिलंय त्यात?"

ती म्हणाली, "काय म्हाईत? आरं, अंगठा होता तवा कुणीतरी वाचून तरी दावायचं. आता म्हणत्यात, मावशी तुम्हाला येतंय की."

दोस्तांनो, ते वाक्य अजून माझ्या डोक्यात रिंग फ्रेमसारखं फिरतंय. माझ्या आईला सरकारने मोजलं, मी त्यात काटा मारला, आणि त्या खोट्या मापावर सावकाराने तिला लुटायची सोय झाली. मग मी वाचायला बसलो. मी आठवीनंतर शाळा सोडलेला. जे वाचलं ते पाळीच्या आधी, पाळीच्या नंतर. एकच गोष्ट शोधत होतो. आपल्या माणसांचं शिकणं आजवर कुणी मोजलं, कसं मोजलं, आणि शिकवणाऱ्याला कुणी मोजलं का?

जोतीरावांपासून सुरुवात करू. १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली. दिवसभर राबून आलेल्या माणसासाठी शाळा, ही गोष्ट तेव्हापासूनची. पुढे १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी लेखी साक्ष दिली. शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वरच्यांच्या शिक्षणावर उधळता, हे त्यातलं आपल्याला पाठ आहे. पण त्याच साक्षीत आणखी एक मुद्दा आहे, त्यावर आपण बोलत नाही. ते म्हणतात, डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा शाळेत येतो, त्याने काय होतं? निदान दर तीन महिन्यांनी तपासणी करा. आणि अधूनमधून आगाऊ वर्दी न देता जा. गावच्या अंमलदारांवर विसंबू नका, त्यांना सवड नाही आणि त्यांची परीक्षा वरवरची असते.

बघा. जोतीराव पोरांना नापास करा म्हणत नाहीत. ते शाळेला तपासा म्हणतात. माप विद्यार्थ्याला लावण्याआधी खात्याला लावतात.

आता जनगणना. १९११ च्या जनगणनेत साक्षर कोण, याचं साधं माप ठरवलं. मित्राला पत्र लिहिता आलं पाहिजे आणि त्याचं आलेलं उत्तर वाचता आलं पाहिजे. इंग्रजाचं माप, पण माणसाच्या कामाचं. गावाकडून मुंबईला गिरणीत आलेल्या माणसाला दुसरं काय लागत होतं? घरी मजकूर धाडायचा, घरचा मजकूर कळायचा. पण जनगणनेवाला कुणाच्या हातात पाटी देत नाही. घरातलं माणूस सांगेल ते लिहितो. माप चांगलं, पण मापायचं कुणी नाही. आजही जनगणनेची व्याख्या सांगते की कुठल्याही एका भाषेत समजून वाचता-लिहिता आलं पाहिजे. 'समजून' हा शब्द छापलेला आहे. समजलं का, हे मात्र तिथं कुणी तपासत नाही.

मग १९२७. तारीख १२ मार्च. महाडचा सत्याग्रह अजून आठ दिवसांवर. मुंबई कायदे कौन्सिलात बाबासाहेब शिक्षणाच्या खर्चावर बोलायला उभे राहिले. आपण त्या महिन्यातलं तळ्याचं पाणी लक्षात ठेवलं, ते ठेवायलाच पाहिजे. पण हे भाषणही लक्षात ठेवा. त्यांनी सरकारचेच आकडे सरकारच्या तोंडावर ठेवले. प्राथमिक शाळेत शिकणारे दर हजारी किती? पुढारलेल्या हिंदूंत ११९, मुसलमानांत ९२, मधल्या वर्गात ३८, आणि मागासलेल्यांत १८. म्हणजे एकूण आकड्यावर भागत नाही. आकडा जातीवार फोडा, मग कळतं दाणा कुणाच्या कणगीत गेला.

दुसरा मुद्दा तर मला झोपू देईना. बाबासाहेबांनी दाखवलं की शाळेत शिरलेल्या शंभर पोरांतली अठराच चौथीपर्यंत पोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षर होतात. म्हणजे शाळेत नाव घातलं हा हिशेब नव्हे. आत गेलेलं मूल साक्षर होऊन बाहेर पडलं का, आणि जन्मभर साक्षर राहिलं का, हा हिशेब. आणि हा हिशेब त्यांनी पोरांकडे मागितला नाही, मंत्र्याकडे मागितला.

ही ८२ पोरं पुढे कुठे गेली? खळ्यावर, खाणीवर, गिरणीत. मोठी झाल्यावर त्यांच्यासाठीच प्रौढ शिक्षणाचे वर्ग निघाले. जे शाळेने गाळलं ते प्रौढवर्गाच्या पदरात पडलं. १९३९ साली मुंबई शहरात प्रौढ शिक्षण समिती निघाली. कामगारांच्या वस्त्यांत वर्ग चालले. स्वातंत्र्यानंतर १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम उभी राहिली, मग राज्यभर पसरली. चौदा ते पन्नास वयाची सारी माणसं शिकवायची. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ. त्यात उत्साह खरा होता, त्याला मी हसणार नाही. ज्या माणसाला चावडीवर पायरीखाली उभं केलं त्याने सगळ्यांदेखत फळ्यावर नाव लिहिणं, ही लहान गोष्ट नव्हे. पण समारंभ झाला की हिशेब बंद. पुढे वाचायला काही नाही, वर्ग नाही, कंदील नाही. पुष्कळ माणसं शिकलेलं विसरली, हा त्या मोहिमेचा दोष नंतर लिहिणाऱ्यांनी नोंदवला. बाबासाहेबांनी १९२७ साली सांगितलेली गळती तीच. फक्त आता वय मोठं.

मग २ ऑक्टोबर १९७८. राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम. पाच वर्षांत १० कोटी माणसं, वय १५ ते ३५. तीन गोष्टी शिकवायच्या : अक्षर, रोजच्या कामाला लागणारं ज्ञान, आणि सामाजिक जाणीव. कागदावर हा कार्यक्रम आपल्या मनासारखा होता. मजुराने नुसतं 'कमळ' वाचू नये, किमान वेतन किती तेही वाचावं. पण वर काय जायचं? केंद्रं किती, नावं किती, बाया किती, अनुसूचित जातीचे किती. जाणीव कुठल्या रकान्यात लिहायची? जो रकाना नाही तो भरायचा प्रश्नच नाही. दोन वर्षांत दिल्लीत सरकार बदललं, १९८० साली कोठारी समितीने आढावा घेतला, आणि १० कोटींचा तो आकडा तसाच मागं पडला.

५ मे १९८८ ला राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं. त्याने माप बारीक केलं. मोठ्याने वाचताना मिनिटाला ३० शब्द. मनात वाचताना ३५. बघून लिहिताना ७ शब्द, ऐकून लिहिताना ५. शंभरपर्यंत आकडे, तीन आकडी बेरीज-वजाबाकी, दोन आकडी गुणाकार-भागाकार. पुस्तकांतच चाचण्या घातल्या. मोहिमांच्या मूल्यमापनात माणूस साक्षर म्हणायला तिन्ही विषयांत निदान पन्नास टक्के आणि मिळून सत्तर टक्के लागत. आणि आता उल्लासमध्ये? तेहतीस टक्के. पूर्वी दीडशेतले एकशे पाच लागले असते, आता पन्नास-एक्कावन्न पुरे.

कुणी म्हणेल, म्हातारीला सत्तर टक्के कशाला? बरोबर आहे. मार्क कमी ठेवा, मला राग नाही. पण उंबरा खाली केला की आत आलेल्यांची संख्या वाढते, हे तरी उघड सांगा. ३० मे २०२५ रोजी गोवा पूर्ण साक्षर राज्य म्हणून जाहीर झालं. या कार्यक्रमात ९५ टक्क्यांना 'पूर्ण' म्हणतात. शंभरातल्या पाचांना वगळून पूर्ण! ते पाच कोण असतील, कुठल्या वस्तीत राहत असतील, हे बाबासाहेबांच्या रीतीने विचारलं की चेहरे दिसायला लागतात. १९६१ च्या जनगणनेत देशातल्या अनुसूचित जातींच्या बायांत साक्षर ३.२९ टक्के. २०११ ला ५६.४६. मधल्या काळात मोजायची रीत बदलली, सात वर्षांखालची पोरं हिशेबातून काढली, तरी वाढ खरी आहे. आपल्या बाया पुढं आल्या. पण २०११ लाही शंभरातल्या त्रेचाळीस उरल्याच. माझी आई त्यातली.

आता माझ्या गिरणीतलं सांगतो. चाळीस नंबरचं सूत म्हणजे काय? ८४० यार्डांची एक लट. अशा ४० लटा एक पौंडात बसल्या की सूत चाळीस नंबरचं. रोज धागा काढून गुंडाळतात, वजन करतात, ताणून तोडून बघतात. नुसत्या बॉबिनी मोजून सूत कळत नाही. आणि सूत कच्चं निघालं तर? सुताला कुणी नापास करत नाही. सुताच्या कपाळावर 'सुधारणा आवश्यक' असा शिक्का मारत नाही. मशीन थांबवतात. कापूस बघतात, पीळ बघतात, साईडरला विचारतात, जॉबरला विचारतात. मालकाला नुसत्या कापसाची एवढी काळजी!

आणि माणसाच्या बाबतीत उलटं. या परीक्षेत जी बाई कमी पडते तिच्या कागदावर 'सुधारणा आवश्यक' येतं. वर्ग किती दिवस भरला? दिवा होता का? पुस्तक पोचलं का? बिनपगारी स्वयंसेवक रात्रपाळी करून शिकवायला कधी येणार होता? त्या कागदावर कुणाची सही? कुणाचीच नाही. सुधारणा कुणाची आवश्यक, हे साल्यांनी कधी लिहिलंच नाही. आणि मीही त्यांच्यातलाच निघालो. आईच्या कानात मी सांगितलेलं उत्तर म्हणजे गिरणीतली चोरीच. कच्च्या सुतावर पक्क्याचं लेबल.

मी ते प्रमाणपत्र फाडलं नाही. आईचं आहे, माझं नाही. पण आम्ही वस्तीत एक वही घातली. शंभर पानी. डाव्या पानावर शिकणारीचं नाव, आणि तिने स्वतः सांगितलेलं एक काम. कुणी म्हणाली लाईट बिल वाचायचंय, कुणी म्हणाली मजुरीचे खाडे लिहायचेत, एकजण म्हणाली नातवाला पत्र लिहायचंय. आई म्हणाली, "मला त्यो कर्जाचा कागद." तेच तिचं माप. सहा महिन्यांनी पुन्हा तेच काम समोर ठेवायचं, बघायचं राहिलं का गेलं. उजव्या पानावर आमचा हिशेब. वर्ग किती दिवस भरला, कोण शिकवायला आला, कोण चुकला. माझ्या नावापुढे पहिल्या महिन्यात नऊ खाडे आहेत. दर तीन महिन्यांनी शेजारच्या वस्तीतलं पोरगं न सांगता येऊन वही तपासतं आणि विहारात सगळ्यांपुढे वाचतं. माझे खाडे वाचले तेव्हा आई सगळ्यांत मोठ्याने हसली.

कर्जाच्या कागदाची पहिली ओळ वाचायला तिला तीन संध्याकाळी लागल्या. व्याजाच्या आकड्यापर्यंत आली तेव्हा बोट तिथंच ठेवून गप्प बसली. मग म्हणाली, "हे त्यानं बोललं नव्हतं." मिनिटाला तीस शब्द नव्हेत ते. चारच शब्द. पण कागदावर आता तिची सही मागायला येणाऱ्याने सावध राहावं.

मित्रांनो, सरकारचा आकडा खोटा म्हणून ओरडणं सोपं आहे. आपला खरा आकडा काढणं अवघड. ते आपण करू. तुमच्या वस्तीत वही घाला. उजवं पान कोरं ठेवू नका. आमच्या वस्तीचा वर्षाचा हिशेब मी पुढच्या अंकाला देतो आहे, माझ्या खाड्यांसकट. तुमचा पाठवा.