पानिपत : धीराचे पंचाहत्तर दिवस

नोकरीच्या निमित्ताने दिल्लीत अथवा दिल्लीच्या आसपास येऊन राहिलेला मराठी गृहस्थ केव्हा ना केव्हा पानिपताला जाऊन येतोच. दिल्लीच्या उत्तरेस सुमारे नव्वद किलोमीटरवर, जुन्या शाही रस्त्यालगत ते गाव आहे. हातमागाच्या कापडाने आणि कांबळ्यांच्या व्यापाराने ते आज गजबजलेले असते, आणि गावाबाहेर काळा आंब या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागी स्मारकाचा स्तंभ उभा आहे. तेथे उभे राहिले, की आपल्या मनात येतो तो केवळ एक दिवस : १४ जानेवारी १७६१, पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. विश्वासराव पडले कसे, मल्हारराव निघून का गेले, इब्राहिमखानाच्या तोफा थंडावल्या कशा, हे प्रश्न आपण पुन:पुन्हा उगाळतो. त्या दिवसामागे मात्र आणखी चौऱ्याहत्तर दिवस उभे आहेत, त्यांची आठवण आपल्याला क्वचितच होते. आमच्या मते पानिपताचा खरा इतिहास त्या दिवसांत आहे. कारण लढण्याची परीक्षा एका दिवसात संपली, धीराची परीक्षा त्यापूर्वी अडीच महिने चालू होती.

धीर म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मराठ्यांनाच पडला असे नाही. संकटात टिकून राहावे आणि न्यायनिवाडा ईश्वरावर सोपवावा, या उपदेशाला ज्या धर्माने आरंभापासून मोठे स्थान दिले तो ख्रिस्ती धर्म होय. आणि त्याचे कारणही ऐतिहासिक आहे. पहिली तीन शतके हा धर्म रोमन साम्राज्यात वारंवार छळ सोसणाऱ्यांचा धर्म होता. त्यांच्या ग्रीक धर्मग्रंथात धीरासाठी जो शब्द येतो, त्याचा मूळ अर्थ ‘ओझ्याखाली टिकून राहणे’ असा आहे. उत्तर आफ्रिकेतील कार्थेज नगरीत इ. स. २०० च्या सुमारास तेर्तुल्यन नावाच्या पंडिताने धीर या विषयावर एक ग्रंथच लिहिला, आणि हा गुण आपल्या स्वत:च्या अंगी नाही, अशी कबुली त्याने आरंभीच देऊन टाकली. पुढे २५६ साली त्याच नगरीचा बिशप किप्रियन याने याच विषयावर दुसरा ग्रंथ लिहिला. सूड आपण घेऊ नये, अंतिम निवाड्याच्या दिवसाची वाट पाहावी, असा त्याचा समारोप आहे. दोनच वर्षांनी, १४ सप्टेंबर २५८ रोजी, रोमन अधिकाऱ्याच्या हुकुमाने किप्रियनाचा शिरच्छेद झाला.

किप्रियनाच्या चरित्रातील दोन गोष्टी आमच्या विषयाला विशेष उपयोगी आहेत. पहिली ही, की हा ग्रंथ त्याने छळ करणाऱ्यांना उद्देशून लिहिलेला नव्हता. त्या वेळी ख्रिस्ती मंडळांतच एका धर्मविधीवरून तीव्र वाद पेटला होता, आणि त्या वादात आपल्याच बांधवांविषयीचे प्रेम सुटू नये म्हणून त्याने तो लिहिला. दुसरी गोष्ट अशी, की कार्थेजमध्ये महामारी आली तेव्हा निवाड्याची वाट पाहत तो हात जोडून बसला नाही. आजाऱ्यांची शुश्रूषा करण्यास त्याने लोकांना लावले, आणि आपला-परका हा भेद न करता लावले. आमच्याच महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी आईबापांना दुष्काळात अंतरल्यानंतर १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुलींना आणून आसरा दिला, तोही याच जातीचा धीर होय. म्हणजे धीराच्या दोन खुणा झाल्या : एक, आपल्या माणसांशी सबुरी, आणि दुसरी, वाट पाहत असतानाही हातून काही काम होत राहणे. या दोन खुणा मनात ठेवून आता आपण पानिपताच्या छावणीकडे वळू.

मार्च १७६० मध्ये परतूडहून निघालेल्या सदाशिवरावभाऊंनी ऑगस्टात दिल्ली घेतली आणि १७ ऑक्टोबरला कुंजपुरा जिंकला. परंतु त्याच महिन्याच्या अखेरीस अहमदशहा अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून अलीकडे आला, आणि मराठे व दिल्ली यांच्या मध्ये उभा राहिला. १ नोव्हेंबरपासून दोन्ही सैन्ये पानिपताच्या मैदानात समोरासमोर होती. भाऊंनी छावणीभोवती खंदक खोदला, तोफा चढविल्या आणि ते वाट पाहू लागले. छावणीत लढणारे होते, त्याचप्रमाणे यात्रेसाठी सोबत आलेली कुटुंबे, बायकामुले, बुणगे, व्यापारी असा मोठा समुदाय होता. दक्षिणेच्या हवेत वाढलेली ही माणसे. उत्तरेची थंडी त्यांच्या अंगाला ठाऊक नव्हती. ज्यांनी पौषातली पानिपतची पहाट एकदा तरी अनुभवली आहे, त्यांना याहून अधिक सांगावयास नको.

वाट पाहणे तीन गोष्टींचे होते. पहिली, रसद. अंतर्वेदीतून गोविंदपंत बुंदेले शत्रूची रसद तोडतील आणि आपल्याकडे धान्य व पैका पाठवतील, अशी भाऊंची अपेक्षा होती. पत्रांमागून पत्रे गेली; डिसेंबरात गोविंदपंतच अफगाण स्वारांच्या अचानक हल्ल्यात मारले गेले. त्याच महिन्याच्या आरंभी, ७ तारखेस, भाऊंचा उजवा हात असा बळवंतराव मेहेंदळे एका चकमकीत पडला होता. दिल्लीहून नारोशंकरांनी पाठविलेल्या खजिन्याबरोबरच्या स्वारांची एक टोळी रात्री वाट चुकून अफगाणांच्या छावणीत शिरली आणि कापली गेली. दुसरी गोष्ट, दक्षिणेतून येणारी कुमक. नानासाहेब पेशवे डिसेंबरअखेर पैठणास होते, आणि तेथे त्यांचा दुसरा विवाह होत होता. वरिष्ठ कचेरीकडून उत्तर न येणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांपैकी अनेकांना चांगले माहीत आहे; परंतु आपल्या प्रतीक्षेत बहुधा एखादी मंजुरी अडकलेली असते, तेथे एका समाजाचे प्राण अडकले होते.

तिसरी गोष्ट, तह. हिचा साक्षीदार आपल्याला अगदी जवळचा वाटावा असा आहे. काशीराज पंडित हा दक्षिणी ब्राह्मण, नोकरी मात्र अयोध्येचा नबाब शुजाउद्दौला याच्या पदरी. म्हणजे परप्रांती चाकरी करणारा मराठी अधिकारीच. तो त्या वेळी अब्दालीच्या गोटात होता, आणि १७८० साली त्याने फारसीत जी हकीकत लिहिली, ती पानिपताच्या प्रमुख साधनांपैकी एक मानली जाते. भाऊंची तहाची बोलणी शुजामार्फत चालू होती. अफगाण वजीर तहाला अनुकूल होता. नजीबखानाने मात्र ती बोलणी अखेरपर्यंत हाणून पाडली. काशीराज सांगतो, की शेवटी भाऊंच्या हातचे एक पत्र त्याला आले : आता आणखी कळ काढणे शक्य नाही, काही होणार असेल तर करा, नाहीतर स्पष्ट उत्तर द्या. ते पत्र तो शुजाला वाचून दाखवीत असतानाच मराठे खंदकाबाहेर पडल्याची वर्दी आली. त्या पत्राला उत्तर देण्याची वेळ कोणावरच आली नाही.

आदल्या रात्री छावणीत काय घडले, हेही त्यानेच लिहून ठेवले आहे. सरदार व शिपाई भाऊंकडे आले. दोन दिवस पोटात अन्न नाही, उपासमारीने मरण्यापेक्षा लढून मरू, असे त्यांनी सांगितले. भाऊंनी ते मानले. उरलेसुरले धान्य वाटून टाकण्यात आले, विडे दिले गेले, आणि पहाटे तोंडाला हळद माखून लोक बाहेर पडले.

या पंचाहत्तर दिवसांना किप्रियनाच्या दोन खुणा लावून पाहिल्या तर काय दिसते? पहिल्या खुणेच्या बाबतीत आपले पारडे हलके आहे. जड तोफखान्याच्या आश्रयाने लढावे, की पूर्वापार गनिमी काव्याने, हा भाऊ आणि जुने सरदार यांच्यातील मतभेद मोहिमेच्या आरंभापासून होता, आणि खंदकाच्या आतही तो मिटला नाही. शत्रूशी सबुरी नको होती, आपल्या माणसांशी हवी होती. ती पुरेशी नव्हती. दुसऱ्या खुणेचा विचार अधिक कठीण आहे. वाट पाहावी लागणे हा दोष नव्हे. परंतु दिवसेंदिवस छावणीचे भवितव्य गोविंदपंतांच्या हाती, पेशव्यांच्या हाती, शुजाच्या हाती जात राहिले, आणि स्वत:च्या हाती काही उरले नाही तेव्हाच निर्णय झाला. खंदकात अडकून राहणे आणि धीर धरणे या दोन्ही गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात. सामान्य शिपाई, बाजारबुणगा आणि त्यांच्या बायका यांनी मात्र जे सोसले, त्याला ओझ्याखाली टिकून राहणे याखेरीज दुसरे नाव नाही. निर्णय त्यांच्या हाती कधीच नव्हते, आणि तरी छावणी चौऱ्याहत्तर दिवस मोडली नाही, हे श्रेय त्यांचे आहे.

निवाडा झाला तो सर्वांना ठाऊक आहे. पण त्यानंतर काय झाले, यातही धीराचेच वेगवेगळे नमुने दिसतात. विश्वासरावांच्या देहाचे दहन व्हावे म्हणून शत्रूच्या गोटातील शुजाने रदबदली केली. भुकेल्या, उघड्यावागड्या पळपुट्यांना भरतपूरच्या सूरजमल जाटाने आपल्या मुलखात अन्नवस्त्र दिले, आणि हा तोच सूरजमल, ज्याचा सल्ला न मानल्यामुळे तो मोहिमेतून निघून गेला होता. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी पतीचा मृत्यू कधीच मानला नाही. १७६३ साली निधन होईपर्यंत त्या सौभाग्यलेणे लेऊन वाट पाहत राहिल्या. नानासाहेब २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर खचून वारले. आणि पायाला जखम होऊन जन्माचे पांगळेपण घेऊन परतलेला महादजी शिंदे पुन्हा कामाला लागला. दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, मराठे दिल्लीत परत आले, आणि पुढल्या वर्षी बादशहा शाहआलम त्यांच्या आधाराने आपल्या तख्तावर बसला.

परंतु याच इतिहासाचे आणखी एक पान आहे, आणि ते झाकून ठेवणे बरे नव्हे. नजीबखान १७७० मध्येच वारला होता. तरी १७७२ साली मराठ्यांनी त्याच्या मुलाच्या ताब्यातील पथरगड घेतला आणि लुटला. मृताचा हिशेब त्याच्या वंशजांकडून वसूल झाला. किप्रियनाने सोपविलेला निवाड्याचा दिवस माणसाला फार दूरचा वाटतो, म्हणून तो स्वत:च न्यायाधीश होऊन बसतो. मराठे यात इतरांहून वाईट नव्हते. त्या काळी असे न करणारा कोणी आढळणे कठीण. पण पानिपताच्या पराभवाबद्दल हळहळताना आपण पथरगडच्या विजयाबद्दल अभिमान बाळगावा काय, हा प्रश्न प्रत्येकाने आपल्यापुरता सोडवावा.

आमचे स्वत:चे उत्तर असे, की पानिपताने मराठ्यांना शिकवावयाची गोष्ट महादजीने शिकून घेतली. उत्तर येत नसेल तर ते येईपर्यंत उपाशी बसू नये. जे काम हाती आहे ते करीत राहावे. आपल्या माणसांचे ऐकावे. आणि निवाड्याचा दिवस आपल्या हयातीत उगवेलच असा हट्ट धरू नये. ईश्वरावर भार टाकणे याचा अर्थ आमच्या लेखी एवढाच आहे. घरापासून शेकडो कोस दूर राहून काम करणाऱ्यांना हा धीर रोजच लागतो, आणि त्याची किंमत पानिपताच्या खंदकात ज्यांनी मोजली ते आपल्यासारखेच, कामासाठी घर सोडून आलेले लोक होते.