वॉर्नक अहवाल
अपंग बालके व तरुण यांच्या शिक्षणासंबंधी ब्रिटनमधील शासननियुक्त समितीचा अहवाल (१९७८). तत्त्वज्ञ मेरी वॉर्नक (१९२४–२०१९) समितीच्या अध्यक्षा होत्या. समितीची घोषणा १९७३ मध्ये, मार्गारेट थॅचर शिक्षणमंत्री असताना झाली. काम १९७४ मध्ये सुरू झाले. तोवर १९४४ च्या शिक्षण कायद्यानुसार मुलांची वर्गवारी मुख्यतः वैद्यकीय निदानावरून होई. ‘शिक्षणास अपात्र’ ठरलेली मुले तर १९७० च्या कायद्यापर्यंत शिक्षणखात्याच्या कक्षेबाहेरच होती.

ही वर्गवारी सोडून ‘विशेष शैक्षणिक गरज’ ही संकल्पना अहवालाने मांडली. मुलातील व्यंगापेक्षा त्याला कोणते साहाय्य लागते, हा निकष ठरला (पहा : विशेष शिक्षण). शालेय वयात कधी ना कधी पाचांपैकी एका मुलाला असे साहाय्य लागेल, असा समितीचा अंदाज होता. विशेष शाळांत मात्र सुमारे २ टक्केच मुले होती. एकात्मीकरणाचे तीन प्रकार सांगितले : एका आवारात शाळा, खेळ-भोजनादी सहवास आणि एकाच वर्गात अध्ययन. पाच वर्षांखालील मुले, सोळा वर्षांपुढील तरुण व शिक्षक-प्रशिक्षण यांना अग्रक्रम दिला. तीव्र गरजांसाठी विशेष शाळा राखल्या, ही बाब अनेकदा दुर्लक्षिली जाते.

१९८१ च्या कायद्यात गरजांचे लेखी विवरणपत्र आले. स्वतंत्र निधी आला नाही. २००५ मध्ये वॉर्नक यांनीच विवरणपत्र-पद्धतीवर टीका केली. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने त्याजागी पंचविशीपर्यंत लागू असणारी शिक्षण-आरोग्य-देखभाल योजना आणली (पहा : समावेशक शिक्षण, सालामांका निवेदन).