फाल्गुनातला बोरघाट



थंडी ओसरू लागली, पळस-पांगारा फुलला, की शाळांच्या सहली निघतात आणि घरोघरी कुठेतरी जाऊन येण्याच्या गोष्टी सुरू होतात. यंदा असा बेत करणार असाल, तर बोरघाटातून आगगाडीने जा. कर्जतपासून लोणावळ्यापर्यंतचा हा प्रवास पाऊण तासाच्या आसपासचा.

घाट बघायचा तर पावसाळ्यात, असे पुष्कळजण सांगतात. धबधबे बघायचे असतील तर ते खरेच आहे. पण हा घाट माणसांनी कसा फोडला हे ज्याला पाहायचे आहे, त्याने माघ सरताना किंवा फाल्गुन लागल्यावर जावे. पावसात धुके सारा डोंगर झाकून टाकते. या दिवसांत मात्र झाडांची पाने गळालेली असतात, हवा स्वच्छ असते आणि काळा कातळ उघडा पडलेला असतो. बोगद्यांची तोंडे दिसतात, सुरुंगाने तासलेल्या भिंती दिसतात.

आता थोडा मागचा इतिहास. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी गेली. पण रेल्वे कंपनीचे डोळे सह्याद्रीपलीकडच्या कापसाकडे होते. तो कापूस बैलांच्या पाठीवरून घाट उतरून बंदराला येई. फौजा हलवायलाही सरकारला रेल्वे हवी होती. १८५६ साली गाडी घाटाखाली खोपोलीपर्यंत आली. १८५८ साली वरचा खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला. मधला घाट मात्र तसाच! प्रवाशांनी खाली गाडीतून उतरावे, पालखीने, तट्टावरून किंवा गाडीरस्त्याने वर चढावे आणि खंडाळ्याला पुन्हा रेल्वेत बसावे, असा प्रकार पाच वर्षे चालला.

बैलगाडीला जो चढ सहज वाटतो, तो आगगाडीला का जड जातो, हे मुलांना जरूर सांगा. गुळगुळीत लोखंडी रुळावर गुळगुळीत लोखंडी चाक. चढ वाढला की ते घसरते. म्हणून मुख्य इंजिनियर जेम्स बर्कली याने डोंगराच्या अंगाअंगाने सुमारे पंधरापावणेसोळा मैलांची वाट आखली. तेवढ्यात गाडी १,८३१ फूट वर चढते. सर्वांत अवघड ठिकाणी ३७ फूट पुढे गेले की एक फूट चढ. त्यासाठी २५ बोगदे खोदावे लागले आणि दऱ्यांवर कमानींचे उंच पूल बांधावे लागले. एके ठिकाणी तर गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला जोडीत आणि गाडी उलट्या दिशेने पुढे चढे. १९२९ च्या सुमारास नवा मार्ग झाला, विजेची इंजिने आली आणि ही कसरत संपली. तरी चढ तो चढच. आजही कर्जतला बहुतेक गाड्यांना मागून जादा इंजिने लावतात. तेवढ्यात प्रवासी वडा घेतात. तुम्ही वडा घ्या, पण इंजिन जोडताना मुलांना दुरून दाखवायला विसरू नका.

काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झाले. डायनामाइट तेव्हा निघालेलेच नव्हते. पहार, घण आणि बंदुकीची दारू, एवढ्यावर सारी भिस्त. कड्यावर उभे राहायला जागा नसे, तिथे माणसे दोराने खाली सोडीत. ती लोंबकळत कातळाला भोके पाडीत, दारू ठासत. पावसाळ्यात काम थंडावे. हिवाळा-उन्हाळ्यात घाट माणसांनी भरून जाई. १८६१ च्या जानेवारीत ४२,००० हून जास्त माणसे तिथे राबत होती. त्यांत बायका होत्या, मुलेही होती.

त्यांच्या राहण्याची सोय ती कसली? पाणी वाईट, दाटी फार. पटकीची साथ आली की माणसे पटापट मरत. त्यातच मजुरी थकू लागली. जानेवारी १८५९ मध्ये मजुरांचा संताप उसळला, दंगल झाली आणि सरकारला चौकशी करावी लागली. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल याने त्याच वर्षी काम सोडले. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट सोडले नाही. दोन इंजिनियरांच्या हाती देखरेख देऊन तिने काम पुरे करवून घेतले. १८६३ साली घाटातून गाडी सुरू झाली. ती पाहायला बर्कली राहिला नव्हता. आदल्याच वर्षी तो वारला होता.

बर्कलीचे नाव राहिले, ट्रेडवेलबाईंचेही राहिले. पण दोरावर लोंबकळणाऱ्या माणसाचे नाव काय? त्याचे गाव कोणते? हजारो मजूर या घाटात मेले, असे इतिहासकार मानतात. पण त्यांची नावनिशी कोणी लिहून ठेवली नाही. इंजिनियरांच्या अहवालात फुटांचा हिशेब आहे, माणसांचा हिशेब अपुरा आहे.

म्हणून बेत करताना एवढे करा. दिवसाची गाडी निवडा. रात्री घाट झोपेत निघून जातो. देशावरून येणाऱ्यांनी येताना उतार पाहावा आणि परतताना चढ पाहावा. नकाशावर पळसदरी, जांबरुंग, ठाकूरवाडी, मंकी हिल, खंडाळा ही नावे आधी शोधून ठेवा. दारात उभे राहू नका, खिडकीशी बसा. गुरुजींनी मुलांना बोगदे मोजायला सांगावे आणि परतल्यावर एक प्रश्न विचारावा: हा बोगदा कोणी खोदला? उत्तरात एका साहेबाचे नाव आले, तर मुलाला शाबासकी द्या. पण उत्तर अर्धेच आहे, हेही त्याला सांगा.