माळावरचे हेदर आणि मठातील मधमाश्या

पास्काच्या रात्री अंधाऱ्या ख्रिस्तमंदिरात उंच मेणबत्ती पेटते आणि तिच्या ज्योतीवरून आपल्या हातांतील लहान मेणबत्त्या एकामागून एक उजळत जातात. त्या प्रसंगी गायिल्या जाणाऱ्या प्राचीन लॅटिन पास्कास्तवनात मधमाश्यांचा कृतज्ञतापूर्वक उल्लेख आहे, याकडे आपल्यापैकी किती जणांचे लक्ष गेले असेल? पास्काच्या मेणबत्तीत मधमाशीच्या मेणाचा अंश सर्वाधिक असावा, असे रोमच्या उपासनाविषयक मंडळाने १९०४ साली बजावले होते. मधमाशी मध खाते तेव्हा तिच्या पोटाखालील ग्रंथींतून मेण पाझरते. किलोभर मेणासाठी कितीतरी किलो मध खर्ची पडतो. म्हणजे वेदीवरील ज्योतीचा माग काढू लागलो, तर आपण अखेर कुठल्या तरी रानफुलापाशीच जाऊन पोहोचतो. त्यांतील एका फुलाची, खरे तर एका ठेंगण्या सदाहरित झुडुपाची, हकिकत येथे सांगावी असे आम्हांस वाटले.

मठ आणि बाग यांचे नाते जुने. मठाच्या आवारातच पाणी, गिरणी आणि बाग असावी, असे संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकातील आपल्या नियमावलीत सांगून ठेवले. सम्राट शार्लमेनच्या काळातील, साधारण इ. स. ८०० च्या सुमाराच्या फर्मानात मधमाश्यांची निगा राखणारी माणसे नेमण्याची आज्ञा आहे, तशीच लावावयाच्या वनस्पतींची लांबलचक यादीही आहे. पुढे सुमारे ८२० मध्ये आखलेला एका आदर्श मठाचा नकाशा स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलन येथे आजही जपून ठेवलेला आहे. त्यात औषधी बागेचे सोळा वाफे नावांनिशी दाखविले आहेत आणि सेज, रोझमेरी, रू ही बाराही महिने पाने धरणारी झुडुपे त्यांत आहेत. रायखेनाऊ मठाचे अधिपती वालाफ्रिड स्ट्राबो यांनी त्याच शतकात आपल्या बागेवर जे लॅटिन काव्य रचले, त्यातील वनस्पतींच्या वर्णनाचा आरंभही सेजपासूनच होतो. ही झुडुपे मधमाश्यांसाठी लावली होती, असा दावा मात्र आम्ही करणार नाही. ती लावली औषधासाठी. मधमाश्यांनी ती परस्पर आपलीशी केली.

झुडूप आणि मधमाशी यांचा जाणीवपूर्वक मेळ घातला गेला तो फार नंतर, इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील बकफास्ट मठात. अकराव्या शतकात स्थापन झालेला हा मठ आठव्या हेन्रीच्या काळात, १५३९ साली, बंद पडला. फ्रान्समधून परागंदा झालेले बेनेडिक्टाइन मठवासी १८८२ मध्ये तेथे आले आणि भग्न अवशेषांपाशी पुन्हा प्रार्थना सुरू झाली. १९०७ पासून त्यांनी स्वतःच्या हातांनी मंदिराचे बांधकाम आरंभिले. १९१० साली जर्मनीहून कार्ल केर्ले नावाचा अकरा वर्षांचा मुलगा या मठात दाखल झाला. त्यालाही दगडकामावर लावण्यात आले. पण प्रकृती नाजूक असल्याने १९१५ मध्ये त्याची मधमाश्यांच्या कामावर बदली झाली. हेच पुढे जगभर नाव झालेले ब्रदर अ‍ॅडम.

दुसऱ्याच वर्षी संकट कोसळले. ब्रिटनभर पसरलेल्या एका रोगाने मठाच्या ४६ वसाहतींपैकी ३० नष्ट केल्या. मधमाशीच्या श्वासनलिकेत शिरणाऱ्या सूक्ष्म कोळीकिड्यामुळे हे घडते, असा निष्कर्ष शास्त्रज्ञांनी काढला तेव्हा १९२१ साल उजाडले होते. वाचलेल्या वसाहती इटालियन वंशाच्या वा त्या संकरातून झालेल्या होत्या, ही गोष्ट त्या तरुण बंधूंनी टिपून ठेवली. दगडकामास अपुरे ठरलेले ते हात एका नव्या जातीच्या घडणीस लागले.

मधमाशीची राणी उंच हवेत उडत असताना अनेक नरांशी संग करते. कोणत्या पेटीतील नर तिला भेटतील, यावर माणसाचा ताबा नसतो. म्हणून जेथे दुसऱ्या कोणाच्याही मधमाश्या नाहीत अशी जागा हवी होती. ती मिळाली डार्टमूरच्या उंच, ओसाड, वाऱ्याने झोडपलेल्या माळावर. तेथे १९२५ मध्ये संगमकेंद्र उभे राहिले.

याच माळावर हेदर पसरलेले असते. गुडघ्याएवढे झुडूप, खवल्यांसारखी बारीक पाने, हिवाळ्यातही न गळणारी. निकस, आम्लधर्मी जमिनीत, जेथे गहू तर राहोच, चांगले गवतही उगवत नाही, तेथे ते सुखाने वाढते. जमिनीचा कर मोजणाऱ्यांच्या लेखी हा माळ म्हणजे पडीक रान. पण ऑगस्टमध्ये खालच्या खोऱ्यातील फुले संपत आलेली असतात, नेमका तेव्हाच तो जांभळा होतो. दर वर्षी त्या सुमारास बकफास्टच्या पेट्या खोऱ्यातून माळावर नेल्या जात. या मधाची तऱ्हाही न्यारी. तो पोळ्यात खरवसासारखा घट्ट बसतो, ढवळला तर पातळ होतो आणि स्थिर राहिला की पुन्हा गोठतो. यंत्रात पोळे गरगर फिरवून तो निघत नाही. दाबून काढावा लागतो. उन्हाळा पावसात बुडाला तर पेटी रिकामीच परत येते, हेही खरे.

बागेसाठी ठेंगणी सदाहरित झुडुपे निवडताना आज हा अनुभव कितपत उपयोगी पडतो? युरोपातील बागाईतदारास बराच. तो रंग पाहून निवडतो. मधमाशीला हवी असते वेळ. रोझमेरी वसंताच्या तोंडाशी फुलते. ओव्यासारख्या वासाचे थाईम भर उन्हाळ्यात, तर माळावरचे हेदर उन्हाळ्याच्या उतरणीला. आल्प्स पर्वतावरील हिवाळी हेदर जेमतेम वीतभर उंचीचे. पण जानेवारी ते मार्च या रिकाम्या काळात, थंडीतून जाग्या झालेल्या भुंग्याच्या राणीला तेच आधार देते. शिवाय चुनखडीची जमीन ते सोसते, जी माळावरच्या हेदरला मुळीच मानवत नाही. आणखी एक गोष्ट आम्हांस विशेष खटकते. शरद ऋतूत कुंड्यांतून विकल्या जाणाऱ्या हेदरच्या कित्येक नव्या जातींच्या कळ्या कधी उमलतच नाहीत. म्हणूनच त्यांचा रंग आठवडेच्या आठवडे टिकतो. घेणारा खूश होतो, मधमाशी मात्र बंद दारावरून परत फिरते. दुहेरी पाकळ्यांच्या फुलांचीही बहुधा हीच गत.

आपल्या कोकणात हेदर नाही. परंतु अंगणातील तुळशीला मंजिऱ्या आल्या की तिच्याभोवती सकाळपासून चाललेली गुणगुण ज्यांनी ऐकली आहे, त्यांना ही हकिकत परकी वाटू नये.

ब्रदर अ‍ॅडम १९५० पासून अनेक वर्षे युरोप, मध्यपूर्व आणि आफ्रिकेतील मधमाश्यांचे वंश पाहत हिंडले. त्यांनी घडविलेली ‘बकफास्ट’ मधमाशी आज अनेक देशांत पाळली जाते. १ सप्टेंबर १९९६ रोजी, वयाच्या ९८ व्या वर्षी, त्यांना देवाज्ञा झाली. डार्टमूरवर ते दिवस हेदरच्या बहराचे असतात.